बाह्या कोपराच्या वर

आमच्या घरात स्वयंपाकाचं पहिलं पुस्तक आलं ते हवेतून. वडिलांनी ते आईला फेकून मारलं होतं.

प्रेशर कुकरबरोबर फुकट मिळालेलं ते पुस्तक वीस-बावीस पानांचं होतं आणि कडेला तारेचं वेटोळं होतं. वडील सुरतेजवळ पलसाण्याला कापड रंगवण्याच्या मिलमध्ये कामाला होते, तिथून त्या दिवाळीला सगळ्यांना कुकर वाटले होते. कुकरमधलं पहिलंच वरण पातळ झालं. वडिलांनी आधी थाळी भिंतीवर मारली, मग "वाच आणि शीक" असं म्हणून पुस्तक. तारेचं टोक आईच्या भुवईत शिरलं. आईला वाचता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण रागाच्या भरात माणूस समोरच्याची शैक्षणिक पात्रता बघत नाही.

आईने भुवईवर हळद दाबली, भिंतीवरून ओघळणारं वरण पुसलं आणि पुस्तकही पुसून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या पुढ्यात आलं. मी तिसरीत होते. मी एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचायची आणि ती एका डोळ्याने माझ्याकडे बघत ऐकायची, कारण दुसरा सुजून बंद झाला होता. 'मीठ चवीनुसार' या शब्दांपाशी तिने मला थांबवलं.

"कोनी चव?" तिने अहिराणीत विचारलं. कुणाची चव?

मी पान उलटून पाहिलं. पुस्तकात ते दिलेलं नव्हतं.

आमच्या घरी त्या प्रश्नाचं उत्तर रोज संध्याकाळी मिळायचं. वडील जेवायला बसले की आई भाकरी हातात धरून चुलीपाशी उभी राहायची आणि पहिला घास त्यांच्या तोंडात जाईपर्यंत श्वास सोडायची नाही. मिलच्या रंगाने वडिलांचे हात नखांपर्यंत रंगलेले असत, कधी राणी कलर, कधी मोरपंखी. आईचा गाल बघून आज मिलमध्ये कोणत्या रंगाच्या साड्या निघाल्या ते ओळखता येतं, असं मला लहानपणी खरंच वाटायचं. शेजारच्या बाया विचारायच्या तेव्हा आई सांगायची, कुकरची शिटी उडाली. त्या हिशेबाने आमचा कुकर सुरतेतला सगळ्यात धोकादायक कुकर होता.

पुढे वडील गेले, डिंडोलीत दोन खोल्यांचं घर झालं, मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका झाले आणि आता निवृत्तही झाले. लग्न केलं नाही. का, हे विचारणारे कमी झाले आहेत. आई माझ्याजवळ असते. आणि घरात स्वयंपाकाची तीनशेच्या वर पुस्तकं आहेत, त्यांपैकी निम्म्यातला एकही पदार्थ मी कधी केलेला नाही. ती मी वाचते, दुसरी माणसं कादंबऱ्या वाचतात तशी, आडवी पडून, एखादं पान पुन्हा पुन्हा. एखाद्या दुपारी वाचता वाचता उठून खरोखरच काहीतरी करूनही बघते. पण मुख्य सुख वाचण्याचं. कांदा गुलाबी होईपर्यंत परता, असं कुणीतरी शांतपणे सांगत असतं. जमलं नाही तर काय होईल याची धमकी त्यात नसते.

बहुतेक पुस्तकं कतारगामच्या एका रद्दीवाल्याकडून आली. घर बदलणारे, म्हातारी वारलेले, हिऱ्यात पैसा झाल्यावर स्वयंपाकाला महाराज ठेवणारे, असे सगळे आपली पुस्तकं त्याच्याकडे आणून टाकतात. तो माझ्यासाठी वेगळा गठ्ठा ठेवतो आणि मला दुरून बघितलं की ओरडतो, "बेन, तमारी रसोई आवी छे." ताई, तुमचा स्वयंपाक आलाय. गुजराती पुस्तकं असतात, मराठी असतात, मायक्रोवेव्हबरोबर आलेली असतात. एका कुठल्याशा राजघराण्याच्या पाककृतींचं जाडजूड पुस्तक आहे, त्यातली पहिली ओळ 'एक सबंध हरिण घ्यावे' अशी आहे. पुढच्या पानावर महाराजांचा फोटो आणि त्याच्या पुढच्या पानावर त्यांच्या बुटांचा. अशा पुस्तकांत प्रस्तावना जितकी लांब तितका रस्सा पातळ, हा माझा अनुभव आहे.

खरा मजकूर समासात असतो. कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं असतं, 'गूळ कमी घालणे', 'नणंदेला आवडले नाही', 'फसले'. हळदीचा अंगठा, तेलाचा डाग, फाटलेला कोपरा. एका पुस्तकात श्रीखंडाच्या पानावर 'आज नको होतं' एवढंच लिहिलेलं आहे. त्या बाईचं त्या दिवशी काय झालं असेल यावर मी एक अख्खा उन्हाळा घालवला आहे. अनोळखी बायकांचे डाग मला इतके वाचता येत होते आणि माझ्या सख्ख्या बहिणीचे दिसले नाहीत, हे मी आधीच कबूल करून टाकते.

धाकटी माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. वडिलांचा जोर कमी झाला तेव्हा ती शाळेत जाऊ लागली होती, त्यामुळे तिच्या वाट्याला ते फारसं आलं नाही अशी माझी समजूत होती. तिचं लग्न आमच्याच खान्देशातल्या, पण सुरतेत वाढलेल्या मुलाशी झालं. त्याची भरतकामाची चार यंत्रं होती, मग बारा झाली, मग तो समाजाच्या मंडळाचा अध्यक्ष झाला आणि यंत्रांकडे बघायला त्याला वेळ उरला नाही. सामूहिक विवाहात शाल घ्यायची, नारळ द्यायचा, स्त्री ही घराची लक्ष्मी आहे असं माइकवर सांगायचं, यात त्याचे रविवार जायचे. उरलेल्या रविवारी त्याच्या घरच्या हॉलमध्ये समेटाची बैठक असे. नवरा मारतो, सासू उपाशी ठेवते, अशा समाजातल्या तक्रारी तिथे यायच्या आणि पोलिसात जायच्या आत मिटायच्या. त्याच्या शब्दाला वजन होतं. आई त्याला जावईबापू म्हणायची आणि तो आला की डोक्यावरचा पदर सारखा करायची.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या मनात आलं की समाजाचं एक पाककृतींचं पुस्तक काढावं. नवी पोरं गुजराती बोलतात, हॉटेलात पनीर खातात, आपलं काही उरणार नाही. म्हणणं खोटं नव्हतं. पाककृती बायको सांगणार, मी लिहून घेणार आणि पुस्तक तो काढणार, असं ठरलं. "ताई, तुम्ही तर विद्वान," असं तो मला म्हणाला, म्हणजे काम फुकट होतं.

मी लगेच हो म्हटलं. तीनशे पुस्तकं होती आणि खापरावरच्या मांड्यांची रीत धड एकाही पुस्तकात नव्हती. एकाने मांडे 'पोळीप्रमाणे लाटावे' असं लिहिलं होतं. मांडा लाटतात कुठे? पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांवर घ्यायचा, हात गोल फिरवत तो कोपरापर्यंत पसरू द्यायचा आणि पातळ रुमालासारखा झाला की चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर एका झटक्यात टाकायचा. आमच्या पिढीत हे धाकटीसारखं कुणाला जमत नाही. ती आईकडून शिकली. मी आईला पुस्तकं वाचून दाखवत राहिले.

तर मी रविवारी वही घेऊन तिच्याकडे जाऊ लागले. ती ओट्यापाशी काम करत सांगायची, मी स्टुलावर बसून लिहायची. कळण्याची भाकरी, बिबड्या, शेवभाजी, वांग्याचं भरीत. मापं सगळी तिच्या हाताची, ती मी वाटीत मोजून घेत असे. हॉलचं दार लोटलेलं असायचं आणि पलीकडून बैठकीचे आवाज यायचे. एकदा एक बाई रडत सांगत होती की नवऱ्याने लाटणं पोटात मारलं. मग अध्यक्षांचा समजूतदार आवाज आला की संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच. धाकटी परातीत कणीक मळत होती. ती हसली. खालचा ओठ आत ओढून, आवाज न करता. मी तेव्हा भाकरीचं पीठ किती ते लिहीत होते.

मे महिना होता. सुरतेचा मे आणि हिच्या ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत. मी विचारलं तर म्हणाली, उन्हाने अंगावर पुरळ येतं. स्वयंपाकघरात ऊन कुठून येतं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

चौथ्या रविवारी तिने फळीवरचा उंच डबा काढायला हात वर केला आणि बाही घसरली. दंडापासून मनगटापर्यंत चार-चार बोटांच्या खुणा होत्या, पिवळ्या पडलेल्यांवर निळ्या, निळ्यांवर काळ्या. मनगटाच्या वर दोन समांतर रेघांत कातडी जळून आवळली होती. स्वयंपाकघरातली हत्यारं मला ओळखता येतात. ती सांडशी होती. गॅसवर लाल होईपर्यंत धरलेली.

"वाफ लागली," ती म्हणाली.

वाफ अशी रेघा आखून लागत नाही, असं मी म्हटलं. मग तिने सगळं सांगितलं, आवाज न चढवता, डब्यातली डाळ निवडत. पहिल्या वर्षापासून चालू होतं. तोंडाला तो कधी हात लावत नसे, कारण तोंड कार्यक्रमांना न्यावं लागतं. चहा गार झाला की दंड पिळायचा. कुणासमोर ती एखादा शब्द जास्त बोलली की ती माणसं गेल्यावर दार लावायचा, टीव्हीचा आवाज मोठा करायचा आणि पट्टा काढायचा. गेल्या वर्षी तिचा डावा हात दारात घालून दार ओढलं होतं. सांडशी मागच्या आठवड्यातली. आमटीत मीठ कमी होतं. मुलगी धुळ्याला वसतिगृहात राहून नर्सिंग शिकत होती. ती घरी यायची तेव्हा घरात भजनं लागायची.

मी म्हटलं, आई आहे, मी आहे, दोन खोल्या आहेत, आत्ता चल.

"आणि लोकांना काय सांगू?" तिने हॉलच्या दाराकडे बघितलं. "मारतो अशी तक्रार जिथे करायची ना ताई, ती जागा तीच आहे. माझं कोण खरं मानेल?"

पलीकडे कुणीतरी मोठ्याने हसलं. धाकटीने डबा परत फळीवर ठेवला, बाही मनगटापर्यंत ओढली आणि म्हणाली, मांड्यांचं राहिलंय, लिही. "आधी हे लिही. बाह्या कोपराच्या वर. त्याच्यानंतर गहू."

आणि मी लिहिलं. हे मला अजून गिळता येत नाही. बहिणीचा भाजलेला हात बघून दहा मिनिटं झाली नव्हती आणि मी गहू किती तास भिजवायचे ते विचारत होते. तीनशे पुस्तकांत नसलेली रीत मला मिळत होती. वडील जेवायला बसले की मी कोपऱ्यात पुस्तक तोंडापुढे धरून बसायची, तशीच बसले होते.

घरी गेल्यावर आई विचारायची, "ती कशी शे?" मी म्हणायची, बरी शे. त्या रविवारीही तेच म्हटलं. आईने माझ्याकडे बघत भुवईवरच्या जुन्या खुणेवर बोट फिरवलं.

पुस्तक छापून आलं. चौसष्ट पानं होती. पहिल्या पानावर फेटा बांधलेल्या अध्यक्षांचा फोटो, मग त्यांचं मनोगत, मग मान्यवरांचे संदेश, मग साडीच्या दुकानांच्या जाहिराती. एकतिसाव्या पानावर पहिली भाकरी. संकल्पना त्यांची, मार्गदर्शन त्यांचं, शब्दांकन माझं. धाकटीचं नाव शोधायला मला वेळ लागला, कारण ते नव्हतंच. शेवटच्या पानावर 'विशेष आभार : आमची गृहलक्ष्मी' असं होतं. त्याने स्वतःच्या मनोगताची प्रुफं तीनदा तपासली. पाककृतींचं एक पान तरी वाचलं असतं तर पुढचं टळलं असतं.

प्रकाशन एका पार्टी प्लॉटवर, म्हणजे लग्नकार्याच्या मोकळ्या मैदानावर होतं, सकाळी दहाला, कारण आमदारांना अकराला दुसरीकडे जायचं होतं. ते आलेच नाहीत, तो भाग वेगळा. व्यासपीठावर सोफे, समोर हजारभर माणसं आणि व्यासपीठाच्या उजव्या अंगाला विटांची चूल, तिच्यावर खापर. पुस्तक उघडल्यावर लगेच पहिला मांडा सगळ्यांसमोर होणार होता. ही कल्पनाही अध्यक्षांचीच. आपल्याकडे मांडे परसात होतात. चूल, धूर आणि बायका मागच्या बाजूला असतात, पुरुषांच्या पुढ्यात घडी घातलेला मांडा आणि आमरस येतो. पन्नास वर्षं मांडे खाल्लेल्या त्या माणसाने एकही मांडा होताना पाहिला नव्हता. तो पोळीसारखा लाटतात, असंच त्याला वाटत असावं. मारताना झाकलेली जागा निवडणाऱ्या माणसाने तिला हे काम नेमून दिलं आणि त्याच्या लक्षातही आलं नाही.

चुलीपाशी मदतीला तीन बाया होत्या. त्यातली थोरली समाजातल्या लग्नांत मांडे करणारी, सत्तरीची, लांब दांड्याचं लोखंडी उलथनं घेऊन बसलेली. तिच्या लेकीचा समेट दोन वर्षांपूर्वी त्याच हॉलमध्ये झाला होता. लेक सासरी परत गेली. तेव्हापासून लेकीला एका कानाने ऐकू येत नाही.

धाकटी हिरव्या रेशमी साडीत चुलीपाशी बसली. म्हातारी म्हणाली, बाह्या वर कर वं. धाकटीने पाटल्या उतरवून पदराला बांधल्या, काचेच्या बांगड्या वर सरकवल्या, मग आधी उजवी बाही कोपराच्या वर नेली, मग डावी. बाह्या सहज गेल्या. ब्लाउज शिवतानाच त्या सैल ठेवलेल्या होत्या.

मी व्यासपीठाच्या पायरीपाशी पाहुण्यांना द्यायचे पुस्तकांचे गठ्ठे घेऊन उभी होते. मला आधी पुढच्या रांगेतल्या बायांचे चेहरे दिसले. कुजबुज थांबली, मग दुसऱ्या रांगेची थांबली. बायांनी बाजूच्या पुरुषांकडे न बघता एकमेकींकडे बघितलं. धाकटीने पाण्याचा हात घेऊन गोळा उचलला आणि फिरवायला सुरुवात केली. डावं मनगट नीट वळत नव्हतं, तरी मांडा पसरत गेला. पांढऱ्या कणकेखाली त्या काळ्या-निळ्या खुणा आणखी उठून दिसत होत्या. पोरं मोबाइल वर धरून शूटिंग करत होती.

अध्यक्ष सोफ्यांकडे तोंड करून माइकवर घरच्या अन्नपूर्णेविषयी बोलत होते. श्रोते आपल्याकडे बघत नाहीत, हे भाषण करणाऱ्याला फार लवकर कळतं. तो वळला. हसू तसंच ठेवून, माइक हातात घेऊन तो तिच्यापाशी गेला आणि खाली वाकून हळूच म्हणाला, "बाह्या खाली कर." माइक चालू होता. ते हळू बोलणं सगळ्या भोंग्यांतून ऐकू आलं.

"हात भरलेत," धाकटी म्हणाली.

त्याने तिचा कोपर धरून ओढला. मांडा मधोमध फाटला, अर्धा चुलीत पडला आणि गूळ जळाल्याचा धूर झाला. आणि त्याने तिच्या तोंडात मारली. मला वाटतं, त्याने ठरवून नाही मारली. अन्न सांडलं की हात उठायचा, इतक्या वर्षांची सवय होती ती. पण या वेळी तोंडावर. माइक त्याच हातात होता. तो आवाज सहा भोंग्यांतून निघाला, समोरच्या इमारतींवर आपटला आणि परत आला.

मग म्हातारी उठली, उलथनं दोन्ही हातांनी डोक्यावर नेलं आणि त्याच्या माइकच्या हातावर घातलं. एकदा, आणि परत एकदा. उलथनं तापलेलं होतं. हाड मोडल्याचा आवाज मी त्याआधी फक्त कोंबडीचा ऐकला होता. माइक पडून किंचाळायला लागला. त्याने म्हातारीला लाथ घातली ती तिच्या कमरेत बसली, ती विटांवर पडली, तिच्या डोक्यातून रक्त आलं. तेव्हा बाया व्यासपीठावर चढल्या. किती होत्या ते मला सांगता येणार नाही. चपला, परात, पाण्याची घागर, हाताला येईल ते. फेटा सुटून चुलीत गेला. समितीचे लोक त्याला सोडवायला धावले, त्यांनाही प्रसाद मिळाला. खापर फुटलं, निखारे गालिच्यावर सांडले, आणि समाजाचे एक ज्येष्ठ मार्गदर्शक सत्काराची शाल डोक्यावर घेऊन सोफ्यामागे बसले. आग विझवायला कुणीतरी ताकाची अख्खी टाकी ओतली.

हे सगळं होईपर्यंत मी पुस्तकांचे गठ्ठे छातीशी धरून उभी होते. मग ते खाली ठेवले. धाकटी त्या गर्दीतून सरळ माझ्याकडे चालत आली. हात पुढे धरलेले, कोपरापर्यंत कणीक, ओठ फुटलेला.

"ताई, चाल," ती म्हणाली.

रिक्षात बसल्यावर कणीक वाळून तडकायला लागली. घरी आईने कोमट पाणी घेतलं, धाकटीला मोरीपाशी बसवलं आणि खपली काढावी तशी एकेक तुकडा भिजवून हातांवरची कणीक काढली. कणकेबरोबर लव उपटत होती. खालून खुणा निघत होत्या. आई थांबायची, बघायची आणि पुढचा तुकडा भिजवायची.

समाजाच्या ग्रुपवर त्या दुपारी तोच एक व्हिडिओ फिरत होता. ग्रुपचा अ‍ॅडमिन अध्यक्षच होता. संध्याकाळपर्यंत फक्त अ‍ॅडमिन लिहू शकेल अशी सोय त्याने डाव्या हाताने केली, पण तोवर व्हिडिओ धुळ्यापर्यंत पोचला होता. दुसऱ्या दिवशी धाकटीची मुलगी आली आणि तीच आईला घेऊन आधी दवाखान्यात, मग पोलीस चौकीत गेली. एक्स-रेच्या फोटोत डाव्या मनगटाचं हाड मोडून वाकडं जुळलेलं दिसलं.

तिसऱ्या दिवशी पाच जण समेट करायला आले. तोही सोबत होता, हाताला प्लास्टर आणि त्यावर शाल. भांड्याला भांडं, वगैरे झालं. म्हातारीवर केस होईल, असंही एकाने सुचवलं. आई आयुष्यात कधी परक्या पुरुषांसमोर खुर्चीवर बसली नव्हती. त्या दिवशी बसली आणि पदर सारखा केला नाही.

"ती आठेच ऱ्हाई," ती म्हणाली. ती इथेच राहील. मग तिने दाराकडे हात केला. चहा विचारला नाही.

केस चालू आहे, चालत राहील. धाकटी आता ऑर्डरचे मांडे करते, म्हातारी बरी होऊन तिच्या हाताखाली येते आणि हाताखाली असून हुकूम सोडते. मध्यंतरी कतारगामला गेले तेव्हा रद्दीवाला दुरूनच ओरडला, तमारी रसोई आवी छे. आमच्याच पुस्तकाचे न उघडलेले गठ्ठे होते. एक प्रत घरी आणली. मांड्यांचं पान उघडून मी धाकटीला विचारलं, ही पहिली ओळ तू मुद्दाम सांगितली होतीस का?

"मांडे तसेच करतात," ती म्हणाली, आणि चुलीकडे वळली.

पण मला सारखं आठवतं ते धाकटी घरी आली त्या पहिल्या दिवशीचं जेवण. नको म्हणत असताना धाकटीने वरण केलं होतं. तिघी खाली बसलो. आईने पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबली. मीठ कमी होतं. आईच्या कपाळाला जरा आठी पडली, तेवढ्याने धाकटीचा डावा हात झटकन वर येऊन तोंडापुढे आडवा झाला. घास तसाच दुसऱ्या हातात.

आईने तो हात बघितला. माझ्याकडे बघितलं नाही, बरं झालं. गुडघ्यांवर हात ठेवून ती हळूहळू उठली, फळीवरची मिठाची बरणी आणली, झाकण काढलं आणि तिघींच्या मधोमध ठेवली.